धुरीकाकांची डिकी

मॉलच्या पार्किंगमध्ये कोणीतरी एका बोटाने डिकी उघडतो. ती आपली आपण वर जाते आणि उभी राहते. तो माणूस पिशव्या ठेवतो, फोनवर बोलतो, डिकीकडे बघतसुद्धा नाही. मला अजून त्याचा राग येतो. अरे बाबा, निदान एकदा मान वर करून बघ तरी. तेवढ्यासाठी आमच्या धुरीकाकांनी काय काय केलं, ते मी माझ्या किचनच्या खिडकीतून वर्षभर बघितलंय.

आमची सोसायटी जोगेश्वरी पूर्वेला, गुंफेच्या अलीकडच्या गल्लीत. धुरीकाका आणि काकू तळमजल्यावर, मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. माझ्या खिडकीखाली त्यांची गाडी. मी तोंडाळ आहे, सोसायटीत कोणालाही विचारा. पाण्यावरून, पार्किंगवरून, कचऱ्यावरून मी सगळ्यांशी भांडून झालेय. धुरीकाकांशी भांडायची सोयच नव्हती. मी वरून कितीही तोंड सोडलं तरी ते खालून शांतपणे म्हणायचे, "झाला तुझा? आता चाय घे." माणूस जेमतेम सव्वापाच फूट, अंगात बारा महिने पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सचे फिटर होते. रिटायर होऊन पंधराएक वर्षं झाली, तरी कोणाच्या घरी गेले की आधी दाराच्या बिजागरीकडे बघायचे, मग माणसाकडे. बाहेरच्यांशी साधी मराठी, मेकॅनिकशी हिंदी आणि ज्यांना आपलं मानलं त्यांच्याशी मालवणी. मला मालवणी मिळायची, शिव्यांसकट.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं. तिथे एक फडका असायचा, काकूंच्या जुन्या सुती साडीचा, रोज धुतलेला. सकाळी देवपूजा झाली की हा माणूस फडका घेऊन गाडीशी हजर. डिकीच्या दोन बाजूंना दोन काळ्या नळ्या असतात बघा. आत गॅस भरलेला असतो आणि त्यातून एक चकचकीत दांडा आतबाहेर होतो. डिकीचा सगळा भार त्या दोन दांड्यांवर. गॅरेजवाले त्याला शॉकर म्हणतात. काका ते दांडे असे पुसायचे की लोक चष्मासुद्धा तसा पुसत नाहीत. एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "काका, कुरकुरतंय ते, थोडं खोबरेल लावा ना." मी चप्पल घालून देवघरात शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तेल लावलंस काय धूळ चिकटता. धूळ आत गेली काय सील गेला. सील गेला काय गॅस गेलो. मग बस कपाळाक हात लावून. कोरडो फडको, बस्स. दांड्यावर नख पण लागाक नये."

"मी काय नख लावतेय?"

"तू तोंड लावतंस, ता पुरे आसा."

काका-काकूंना मूलबाळ नाही. काकूंच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, साखरेने एक पाय गुडघ्याखाली गेलेला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातला अंधेरीच्या एका सेंटरवर डायलिसिस. सेंटरमध्ये दोन व्हीलचेअर, त्या कधी मोकळ्या मिळायच्या नाहीत, म्हणून आपली खुर्ची आपण न्यायची. लोक सांगायचे, मीही सांगितलं, टॅक्सी बोलवा ना. बोलवून बघितली. डिकी उघडली तर अर्धी डिकी सीएनजीच्या टाकीने खाल्लेली. ड्रायव्हर म्हणाला, "अंकल, कुर्सी किधर रखूँ? सर पे?" दुसरी बोलवली, तेच. रिक्षात काकू बसल्या तर खुर्ची रस्त्यावर आणि खुर्ची बसली तर काकू रस्त्यावर. राहिली काकांची सतरा वर्षांची पेट्रोलची गाडी, रिकाम्या डिकीची. ती गाडी निघाली तरच काकू मशीनवर पोचणार, इतकं ते सरळ होतं.

आणि त्याच गाडीचे शॉकर गेले.

एकदम नाही गेले. गेल्याच्या गेल्या थंडीत डिकी उघडली की हळूहळू खाली यायला लागली, दमलेल्या माणसाचा डोळा मिटतो तशी. मग एक दिवस धाडकन. काकांनी काकूंची कपडे वाळत घालायची काठी घेतली, करवतीने मापात कापली, टोकाला रबर बसवलं आणि डिकीला टेकू केला. काकू आतून ओरडत होत्या, "अहो, माझी काठी कापलात? आता साड्या दोरीवर घालू कशानं?" काका म्हणाले, "मी घालतंय." आणि खरंच घालायचे, स्टुलावर चढून, चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

जानेवारीतल्या एका गुरुवारी काठी सरकली. काका वाकून खुर्ची आत ढकलत होते, डिकी थेट पाठीवर आली. मी चहा गाळत होते, आवाज ऐकून तशीच धावले. काका फुटपाथच्या कडेला बसलेले, एक हात पाठीवर. पुढच्या सीटवर काकू, मागे वळता येत नाही, नुसत्या विचारतायत, "अहो, काय झालं? काय पडलं?" काका श्वास धरून म्हणाले, "काय नाय गो. काठी पडली." मी म्हटलं, काका, मी येते, डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाले, "तू खुर्ची आत टाक आणि आफिसात जा." आणि तशीच गाडी चालवत गेले. त्या सगळ्यात उशीर झाला. मशीनवरचा तास कापला गेला, कारण नंतरचा पेशंट थांबलेला. शनिवारपर्यंत काकूंचं तोंड सुजून डोळे बारीक झाले, आडवं झालं की धाप. काका रात्रभर त्यांना उशा लावून बसवून होते. डिकीने त्यांची पाठ मोडली असती तर चाललं असतं त्यांना. तो तास गेला, ते त्यांना सोसलं नाही.

गॅरेजमध्ये गाडी दुपारी न्यायचे, कारण सकाळ डायलिसिसची. मेकॅनिक डिकी उघडायचा, ती छान उभी राहायची. "अंकल, ये तो खडी है. क्या बदलूँ?" घरी आणायचे, दुसऱ्या दिवशी पहाटे उघडायचे, धाड. असं तीनदा झालं. मेकॅनिकला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. काकांनीच शेवटी शोधून काढलं. उन्हात तापलं की आतला गॅस फुगतो, उरल्यासुरल्या जोरावर डिकी धरतो. पहाटे गार पडला की जोर संपला.

आणि मग या माणसाने काय करावं? सेंटरवर जाऊन काकूंची वेळ बदलून घेतली. सकाळी सातची दुपारी एकची केली. निघायच्या आधी गाडी बाहेर काढायची, तास-दीड तास मागची बाजू उन्हाकडे करून उभी करायची, डिकी तापवायची, मग काकूंना बसवायचं. सुटायला साडेपाच, बाहेर सगळी ऑफिसं सुटलेली, अंधेरीहून घरी यायला दीड तास. मशीनवरून उतरलेला माणूस म्हणजे पिळून टाकलेलं फडकं. काकूंच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, ट्रॅफिकमध्ये रडायच्या. काकांनीच नंतर सांगितलं मला.

मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत मी म्हणाले, "काका, बायकोला डिकीच्या टायमावर चालवताय तुम्ही? लाज नाही वाटत?"

काका डिकीवर हात ठेवून उभे होते, तापली का बघत. वर न बघता म्हणाले, "वाटता. रोज वाटता. पण सातची वेळ धरलंय आणि डिकी परत पाठीर इली, मी आडवो झालंय, तर तिका नेतलो कोण? तू?"

मला पावणेआठला आफिसला निघावं लागतं. मी दोन दिवस नेईन, चार दिवस नेईन. वर्षभर आठवड्यातून तीनदा मी नेणार नव्हते, आणि ते त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. तो प्रश्न मला अजून टोचतो.

जूनपासून दुपारचं ऊनही गेलं. गाडी तापवणार कशी? काठी परत आली, आता दोन काठ्या. आणि काकांनी नवीन शॉकरचा ध्यास घेतला. मॉडेल केव्हाच बंद झालेलं, कंपनीच्या दुकानात "अंकल, अभी नहीं आता" एवढंच उत्तर. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एक जोडी आणली, लांबी बरोबर, पण मोठ्या गाडीची. लावली, खिटी दाबली आणि डिकी अशी उसळली की काकांचा चष्मा शेजारच्या बाल्कनीत. काकू खुर्चीत बसून हसल्या, पोट धरून हसल्या. कित्येक महिन्यांनी त्यांना तसं हसताना बघितलं. काकासुद्धा बिनचष्म्याच्या डोळ्यांनी चाचपडत हसत होते. पण दुसऱ्या दिवशी काढून टाकली ती जोडी. म्हणाले, बिजागरी वाकेल आणि मग डिकी लागायचीच नाही.

"अंदाजान होवचा नाय," ते म्हणाले. "वजन करूक व्हया."

डिकीचं वजन! आमच्या गेटवर वेसावची एक कोळीण मासे घेऊन बसते. तिच्याकडे हुकाचा स्प्रिंगचा काटा आहे. काकांनी तो मागितला, डिकीच्या कडेला अडकवला आणि काट्याला धरून डिकी वर ओढायला लागले. कोळीण पाटी सोडून बघायला आली.

"काय रं दादा, गारी इकाला कारलीस का? किलोवर?"

"गाडी नाय, नुसती डिकी," काका म्हणाले. "तू काट्याचो आकडो बघ, चूक सांगू नको."

तिने आकडा सांगितला, दोनदा, तीनदा. काकांनी तो काकूंच्या डायलिसिसच्या कागदामागे लिहिला, खाली लांबी, दांड्याची जाडी, कोन, काय काय. कंपनीत असताना ते असंच काम करायचे म्हणे, मशीन बिघडलं की आधी कागद, मग पाना. तो कागद घेऊन पुन्हा कुर्ला. एक दुकानदार भला निघाला. कागद बघून त्याने काकांना खुर्ची दिली आणि भलत्याच कंपनीच्या गाडीचे नवे शॉकर काढून दिले. त्या कागदात बसणारी तेवढीच एक जोडी होती त्याच्याकडे. दुकान महिनाअखेरीस बंद करतोय, म्हणाला.

दसऱ्याच्या सकाळी बसवले. मी काठी धरून उभी, काका कामात. एक काढायचा, एक लावायचा, दोन्ही एकदम काढायचे नाहीत. बारीक स्क्रू ड्रायव्हरने क्लिप अलगद उचलायची, तोडायची नाही. नळी वर, दांडा खाली, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. हे सगळं ते मला सांगत होते, मी कधी आयुष्यात करणार असल्यासारखं. शेवटची क्लिप टक्‌ करून बसली. "सोड काठी," म्हणाले. मी सोडेना. "सोड गो!" सोडली. डिकी उभी. सकाळचे साडेसहा, हवा गार, आणि डिकी उभी. काकांनी खिशातला फडका काढून तोंड पुसलं. डोळे पुसले, असं म्हणा ना.

मग काकूंना बाहेर आणलं. मांडीवर पूजेचं तबक, झेंडूची माळ. काकांनी माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. काकू म्हणाल्या, "मला मागे घ्या." डिकीखाली खुर्ची नेली. काकूंनी मान वर करून ते दोन नवे चकचकीत दांडे बघितले. म्हणाल्या, "मला उचलणारे हेच ना? मग पूजा यांची नको?" आणि ओल्या बोटाने डाव्या दांड्याला हळद लावली, वर कुंकू, भरपूर. मी काकांकडे बघितलं. नख लागाक नये म्हणणारा माणूस. त्यांनी तबक धरून ठेवलं. उजव्या दांड्यापर्यंत काकूंचा हात पोचला नाही, राहिला.

काकूंना आत नेल्यावर मी म्हटलं, "पुसा आता पटकन."

फडका हातात घेऊन काका उभे होते. "तिना लावलेला कुकू," ते म्हणाले, "मी पुसतंय कसा?"

मी चिडले. म्हटलं, काका, ती पावडर आहे, आत जाईल, तुम्हीच सांगता ना. ते म्हणाले, "माका कळता गो." आणि डिकी लावली. खरं सांगते, मला इतका राग आला होता. घरी येऊन भांडी आपटली. मग केस विंचरताना आरशात माझी स्वतःची टिकली दिसली आणि राग कुठे गेला कळलं नाही. त्यानंतर रोज सकाळी काका दोन्ही दांडे पुसायचे, पण डावीकडचा तो ठिपका सोडून. खिडकीतून दिसायचं मला.

वेळ परत सातची केली. महिना, सव्वा महिना डिकी झकास. काकूंची सूज उतरली. त्या भेटेल त्याला सांगायच्या, दूधवाल्याला, कोळणीला, सेंटरमधल्या सिस्टरला, "दसऱ्याला मी हळदकुंकू लावलं ना, तेव्हापासून डिकी हलत नाही."

डिसेंबरच्या सुरुवातीला डाव्या दांड्याला तेलाचा घाम सुटला, म्हणजे सील गेलं. मी वरून बघत होते. काकांनी बोट लावलं, वास घेतला आणि बोट फडक्याला पुसलं. मी खाली गेले. त्यांनी मला बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर, "तिका सांगलंस तर बघ."

"अहो, पण आता?"

"एक आसा ना उजवो. अर्धो भार तो घेता, अर्धो मी."

मग कळलं, काठी ते का लावत नाहीत. काठी लावली तर काकूंना समोरच्या आरशात दिसणार. हात लावला तर काय, नवरा डिकी धरून उभा आहे, नेहमीसारखा. त्या थंडीत मंगळवार, गुरुवार, शनिवार हा माणूस डावा हात डोक्यावर करून डिकी पेलायचा आणि उजव्या हाताने खुर्ची आत चढवायचा. मान ताठ, दात आवळलेले. काकू पुढून म्हणायच्या, "राहते ना हो डिकी?" हे म्हणायचे, "ऱ्हवता गो, मस्त ऱ्हवता." दुसऱ्या जोडीसाठी कुर्ल्याला चार खेपा झाल्या. ते दुकान बंद. कागद तोच, पण बसणारं काही मिळेना. एकदा तर ते परत आले आणि जिन्याच्या पायरीवरच बसले. म्हणाले, "माझ्याच्यान आता हात धरवत नाय. कोणाक सांगू?" मला, म्हटलं, मला सांगा ना. तर उठून गेले.

मी त्यानंतर डायलिसिसच्या दिवशी सातच्या आधी दूध आणायचं निमित्त काढून खाली उतरायचे. पिशवी हातात, आणि म्हणायचे, "काका, मी धरते." दर वेळी तेच उत्तर, "नको. तू आफिसात जा." मी डिकीला हात लावला तर कोपराने ढकलायचे. माझा इतका संताप व्हायचा. मदत नको म्हणणाऱ्या माणसाइतका दुष्ट कोणी नाही. आता वाटतं, तेवढं एकच त्यांच्या हातात राहिलं होतं.

जानेवारीच्या शेवटी, एका बुधवारी पहाटे काकू गेल्या. झोपेत, उशांना टेकून बसल्या बसल्या. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणून खुर्ची आधीच दाराशी तयार ठेवलेली. बायकांनी काकूंना हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, मळवट भरला. सवाष्ण गेली, भाग्याची गेली, असं सगळ्या म्हणत होत्या. काका भिंतीशी उभे होते. मला हळूच विचारलं, "ती दुपारची वेळ केलेली, ती चूक झाली काय गो?" मी म्हटलं, नाही काका. दुसरं काय म्हणणार होते? मला माहीत नाही चूक होती का ते. अजून माहीत नाही.

नऊच्या सुमाराला शववाहिनी आली, छोटी व्हॅन, मागचा दरवाजा वर उघडणारा. ड्रायव्हरने खिटी दाबली. दरवाजा आपला आपण वर गेला, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि उभा राहिला. दोन्ही बाजूंना नवेकोरे शॉकर.

माणसं काकूंना घेऊन आली आणि गर्दीतून काका पुढे झाले. दरवाजाखाली जाऊन उभे राहिले, डावा हात वर केला आणि दरवाजा धरला.

ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, हात काढा, राहतो तो."

"माका म्हायती आसा," काका म्हणाले. हात काढला नाही.

काकूंना आत सरकवलं. दरवाजा लावायचा होता, सगळे थांबलेले, ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. काकांचा हात दरवाजावरून हलत नव्हता. खिशातून त्या साडीच्या फडक्याचं टोक बाहेर आलेलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, हात वर केला, त्यांच्या हाताला लावून.

म्हटलं, "काका, मी धरते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि पहिल्यांदाच, हात खाली घेतला.